सर पास, मे २०२५: पंधरा-सोळा वर्षांची मुलं घेऊन जाताना

२ जूनच्या संध्याकाळी पुणे स्टेशनवर उतरलो तेव्हा सहा मुलांपैकी चौघांच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं, सगळ्यांच्या नाकांची सालं निघाली होती आणि एका सॅकमधल्या ओल्या मोज्यांचा वास डब्यातल्या बाकीच्या प्रवाशांनी दिल्लीपासून मुकाट सोसला होता. मुलांना हिमाचलातल्या सर पासला, म्हणजे साधारण १३,८०० फुटांवर न्यायचं, हे जानेवारीच्या मध्यात ठरलं. त्यानंतरच्या साडेचार महिन्यांत खऱ्या चढउताराचे दिवस सहाच. बाकी सगळा वेळ फॉर्म, तिकिटं, डॉक्टर, पालक आणि बूट यांत गेला. पुढच्या मे महिन्याची चौकशी ज्यांच्या घरी सुरू असेल त्यांच्यासाठी क्रमाने लिहून ठेवते.

सर पास निवडायची कारणं साधी होती. मे महिन्यात तिथे बर्फ असतो, दोर लावून चढायचं काही नसतं आणि कसोलचा बेस कॅम्प सुमारे ५,२०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडा खालीच. तिथून पुढे साडेआठ हजार फूट चढायचं असतं. हा चढ किती दिवसांत करायचा, यावर संस्थासंस्थांत फरक आहे, आणि मुलांना नेताना फी पाहण्याआधी हे वेळापत्रक पाहा. काही ठिकाणी ग्रहण गावातून (सुमारे ७,७०० फूट) दुसऱ्या दिवशी थेट मिन थाचला (११,२०० फूट) नेतात. म्हणजे एका दिवसात साडेतीन हजार फूट उंच जाऊन तिथेच झोपायचं. आम्ही मधे पद्रीला (९,३०० फूट) मुक्काम असलेलं वेळापत्रक घेतलं. एक दिवस जास्त लागतो, फी थोडी वाढते. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज दीड हजार फुटांहून जास्त वर नेऊ नये, असा ढोबळ नियम आहे. आमचा पद्री ते मिन थाच हा टप्पा त्याच्या जरा पलीकडेच जातो. पद्री वगळलं तर तो नियम पार मोडीत निघतो.

सुरुवातीला मुलं आठ होती. संस्थेचा नियम: ट्रेक सुरू होण्याच्या तारखेला पंधरा वर्षं पूर्ण. एका मुलीची पंधरा वर्षं ११ जूनला पूर्ण होणार होती. आम्ही विनंती करून पाहिली, उत्तर ‘नाही’ असं आलं आणि ते योग्यच होतं. हे फेब्रुवारीत कळलं म्हणून निभावलं. पैसे भरल्यावर कळलं असतं तर घरात रडारड झाली असती. तेव्हा आधी जन्मतारखा लिहून काढा, मग मुलांना सांगा.

कागद चार प्रकारचे लागले: ऑनलाइन फॉर्म, आधारची प्रत, पालकांचं संमतीपत्र (हमीपत्रासह) आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. पहिले दोन सोपे. संमतीपत्रावर आमच्याकडे आई-वडील दोघांच्या सह्या मागितल्या होत्या. एका मुलाचे वडील जहाजावर, त्यामुळे स्कॅन केलेली सही चालेल का हे विचारून ईमेलवर लेखी घेतलं आणि तो ईमेल छापून सोबत ठेवला. खरा घोळ सर्टिफिकेटचा. डॉक्टरांच्या शिक्क्यात नोंदणी क्रमांक हवा, रक्तदाब आणि नाडीचे आकडे लिहिलेले हवेत आणि तारीख रिपोर्टिंगच्या आधी ३० दिवसांच्या आत हवी. उत्साही पालकांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच काढून आणली, ती सगळी बाद. दोघांच्या शिक्क्यात क्रमांक नव्हता. म्हणून सगळ्यांनी १ मेनंतर पुन्हा काढली, तीनशे रुपये प्रत्येकी. त्याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: दम्याचा इतिहास असेल तर काय करायचं, सल्फा औषधांची अॅलर्जी आहे का, आणि डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) द्यायची वेळ आलीच तर या मुलाच्या वजनाला किती. आमच्यात एकीला लहानपणी दमा होता. तिच्याकडे दोन पंप होते, एक तिच्या खिशात आणि एक माझ्याकडे. सॅकच्या तळाशी ठेवलेला पंप काही कामाचा नाही.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय. आमचं जाणं २१ मेला, म्हणजे खिडकी उघडणार २२ मार्चला सकाळी आठला. परतीचं १ जूनचं तिकीट २ एप्रिलला. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. आम्ही नऊ, सात मुलं आणि दोन मोठे. सहा आणि तीन अशी दोन तिकिटं काढायची होती, आणि ती एकाच खात्यावरून एकामागून एक काढायची चूक केली. पहिलं कन्फर्म झालं, दुसरं वेटिंग १४. ते मेच्या पहिल्या आठवड्यात सुटलं, पण तोवर रोज सकाळी पीएनआर बघायची सवय जडली. दोघांनी दोन खात्यांवरून एकाच वेळी बसावं. नावं आधारवर आहेत तशीच टाका.

मार्च ते मे दर रविवारी सिंहगड. आतकरवाडीकडून, पहाटे सहाच्या आत सुरुवात. पहिले तीन रविवार रिकाम्या हाताने, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून तीन किलो, पाच, शेवटी आठ. पाणी अशासाठी की कोणाला जड झालं तर ओतून देता येतं. पंधरा वर्षांच्या मुलांचा दम हा प्रश्नच नसतो. ती चढताना पळतात. आम्हाला शिकवायला लागलं ते सावकाश चालणं. खेळ असा केला की वर जाताना सतत बोलत राहायचं. वाक्य तुटलं की वेग जास्त आहे. दुसरं म्हणजे उतरणं. बुटाच्या वरच्या दोन भोकांत नाडी घोट्याभोवती घट्ट ओढून बांधली तर टाच मागे बसते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. हे आम्ही सिंहगडावर शिकवलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि ट्रेकच्या शेवटच्या दिवशी बर्शैणीच्या उतारावर चौघं विसरले. नखं त्यांचीच काळी. प्रवासाला निघायच्या दोन दिवस आधी नखं आडवी कापावीत.

बूट. घोट्याच्या वर येणारे, खाली खोल खाचा असलेले, आणि संध्याकाळी जाड मोजे घालून मापलेले. या वयात पाय अजून वाढत असतात, म्हणून जानेवारीत घेतलेला बूट मेमध्ये चावतो. आम्ही एप्रिलमध्ये घेतले, सरासरी ३,२०० रुपये, आणि निघण्याआधी निदान चाळीस किलोमीटर चालवले. बाकी सामानात जीन्स नको आणि अंगालगत सुती बनियन नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वाऱ्यावर अंग गार पडतं. मोजे पाच जोड, त्यातला एक लोकरी जोड फक्त झोपताना, काहीही झालं तरी चालायला वापरायचा नाही. सॅकवर पावसाचं कव्हर असतंच, पण पाठीकडून पाणी आत येतं. म्हणून आत काळी कचऱ्याची मोठी पिशवी घालून सगळं त्या पिशवीत. दहा रुपयांची वस्तू, सगळ्यात जास्त उपयोगी पडली. डोक्याला लावायचा टॉर्च, जादा सेल, पोंचो, पूर्ण यूव्ही अडवणारा बाजूने झाकलेला गॉगल, एकेक लिटरच्या दोन बाटल्या, स्वतःचा डबा, मग आणि चमचा. सॅक पाण्यासकट आठ किलोच्या वर गेली की बाहेर काढायचं. एकीने तीन पुस्तकं आणली होती. एक ठेवू दिलं.

मुलींसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट बोलून घ्यावी. प्रवास, थंडी आणि उंचीने पाळी मागेपुढे होते. तारीख नसली तरी पॅड सोबत हवेत, आणि वापरलेले परत आणायला बंद होणाऱ्या पिशव्या, कारण वर खड्डा खणलेला शौचाचा तंबू असतो, त्यात पॅड आणि वेट टिश्यू टाकायचे नसतात. हे मोघम सांगितलं की मुली दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी प्यायला लागतात, जाताच येऊ नये म्हणून. त्यातून डोकेदुखी सुरू होते.

सगळं जमत आलं आणि ७ मे उजाडला. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या बातम्या, मग चंदीगड आणि भुंतरसह उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद. आमचा ग्रुप दिवसरात्र वाजत होता. १० तारखेला शस्त्रसंधी झाली, १२ला विमानतळ उघडले. त्याआधी, ९ तारखेला एका घरानं नाव काढून घेतलं. त्यांची काळजी चुकीची म्हणवत नाही, पण हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: २०२५च्या त्या नियमानुसार कन्फर्म थ्री एसी तिकीट गाडी सुटायच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द केलं तर माणशी १८० रुपये आणि जीएसटी एवढंच कापलं जायचं. म्हणजे १९ मेच्या दुपारपर्यंत थांबून बघता आलं असतं. संस्थेच्या फीचा परतावा मात्र तारखेनुसार घटत जातो, तो तक्ता पैसे भरण्याआधी वाचा. मुलं आता सहा.

दुसरी गोष्ट दहावीची. १३ मेला निकाल लागला आणि त्या वर्षी अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर एकच केलेली. २१ मेला, आम्ही निघालो त्याच दिवशी, नोंदणी सुरू व्हायची होती. संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी २६ मे ते ३ जून अशी ठरली. २६ला आम्ही पद्रीच्या जंगलात. ज्यांचं मूल दहावीचं आहे त्यांनी मोबाइल क्रमांक पालकांचाच द्यावा, मार्कशीट, दाखला, जातीचे दाखले वगैरे स्कॅन करून घरी ठेवावेत आणि दहा कॉलेजांचा पसंतीक्रम मुलाच्या हस्ताक्षरात कागदावर घ्यावा. ग्रहणनंतर फोनला रेंज मिळेल असं धरू नका.

२१ला पुणे, २२च्या संध्याकाळी दिल्ली, काश्मिरी गेटहून रात्रीची बस, २३च्या सकाळी साडेनऊला भुंतर. बस पुढे जाते, ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं. बस लागणाऱ्यांनी एव्होमिन घाट सुरू व्हायच्या आधी, रात्रीच जेवणानंतर घ्यावी. मंडीला उलटी झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच जाते. भुंतरला पार्वती नदी बियासला मिळते, तिथून पार्वतीच्या काठाने कसोल तीस-एक किलोमीटर, साध्या बसने दीड तास.

कसोलला कागद तपासायला चाळीस मिनिटं लागली. आमच्या पुढच्या रांगेत दुसऱ्या राज्यातली दोन मुलं शिक्क्यावर नोंदणी क्रमांक नाही म्हणून अडकली होती आणि त्यांचे पालक फोनवर आवाज चढवत होते. दुसरा दिवस सरावाचा: भरलेली सॅक घेऊन जवळच्या टेकडीवर जाऊन परत. मुलांना तो फुकट गेल्यासारखा वाटतो. लीडर त्या दिवशी कोण सतत पुढे पळतं, कोण मागे राहतं आणि कोणाची सॅक एका बाजूला झुकते हे टिपून घेत होता.

आता मुख्य गोष्ट. या वयाची मुलं चालतात, फार छान चालतात, पण काय होतंय ते सांगत नाहीत. मित्रांसमोर डोकं दुखतंय म्हणणं म्हणजे नाक कापलं गेल्यासारखं. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं, ‘ओके आहे मावशी’. म्हणून आम्ही पद्रीपासून चिठ्ठ्या सुरू केल्या. संध्याकाळचं सूप झालं की प्रत्येकाने कागदाच्या तुकड्यावर चार आकडे लिहायचे: डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर. प्रत्येकाला ० ते ३. घडी करून माझ्या टोपीत टाकायचं, कोणाचं कोणाला दिसत नाही. ही पद्धत आमची नाही. गिर्यारोहणात लेक लुईस नावाने हेच मोजमाप वापरतात. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त आली की विरळ हवेचा त्रास आहे असं धरायचं आणि त्या माणसाने आणखी वर जायचं नाही. ऑक्सिमीटर आमच्याकडे होता, पण गार बोटावर तो काहीही दाखवतो. बोट काखेत धरून गरम करायचं, मगच लावायचा. अकरा हजार फुटांवर ८५ ते ९० दिसलं तर घाबरायचं कारण नसतं. बाकीच्यांपेक्षा एकाचा आकडा फारच खाली असेल तर मात्र त्याच्याजवळ बसून राहायचं.

२५ मे, कसोल ते ग्रहण. ओढ्याच्या काठाने देवदारांतून सोपी वाट, शेवटचा तासभर खडा चढ. गावात दारू-सिगारेट चालत नाही. लाकूड-दगडाची घरं, पाटीच्या दगडांची छपरं. २६ला पद्री, अंतर कमी, दुपारीच पोचलो. दोननंतर गारा पडल्या. हिमालयात मेमध्ये दुपारनंतरचं आभाळ असंच, म्हणून रोज एकच्या आत मुक्काम गाठायचा असतो आणि म्हणून सकाळी सातला रांग लावायची असते. २७ला मिन थाच. थाच म्हणजे मेंढपाळांचं कुरण. चढ सरळ अंगावर येतो, बुरांशाची झाडं संपत जातात आणि सावलीत बर्फाचे तुकडे दिसायला लागतात.

त्या संध्याकाळच्या सहा चिठ्ठ्यांत एकीवर ०-०-०-० होतं. अक्षर आमच्या सगळ्यांत वेगवान मुलाचं. त्याने भात अर्धा टाकला होता आणि जॅकेटसकट स्लीपिंग बॅगमध्ये शिरला होता. मी काही न बोलता दुसरा कागद आणि पेन त्याच्या बॅगेत सरकवलं. दहा मिनिटांनी कागद परत आला: २-१-२-०. बेरीज पाच. लीडरला बोलावलं. पाणी, पॅरासिटामॉल, आणि सरळ रेषेत चालण्याची परीक्षा: जमिनीवर दोर टाकून त्यावर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं. ती त्याने नीट केली. ती जमली नसती, बसल्या जागी धाप लागली असती किंवा कोरडा खोकला सुरू असता तर सकाळची वाट न पाहता अंधारातच खाली उतरवायचं असतं, कारण तेव्हा मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी होत असतं. रात्री दोनदा उठून पाहिलं. पहाटे उलटी झाली, डोकं तसंच.

सकाळी सातला तो खाली निघाला, सोबत आमच्यातले दुसरे मोठे, म्हणजे काका, आणि कॅम्पवरचा एक मदतनीस. रडला नाही, पण बाकीच्यांकडे न बघता निघून गेला. ग्रहणला दुपारी पोचला आणि दोन ताटं राजमा-भात जेवला, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. मुलांच्या ग्रुपबरोबर दोन मोठी माणसं हवीतच, ती यासाठी. एकच असेल तर एक मूल खाली न्यायचं की पाचांबरोबर राहायचं, असा पेच पडतो आणि मग ‘बघू, उद्या बरं वाटेल’ असं म्हटलं जातं. मुलींबरोबर कोण राहणार हाही प्रश्न त्यातच. खाली राहणाऱ्याचं बेस कॅम्पवर राहणं-जेवण फीमध्ये धरलेलं आहे का, हेही आधी विचारा. आमच्याकडे होतं.

२८ला नगारू, १२,५०० फूट. धारेवरचा कॅम्प, वाऱ्याला आडोसा नाही, पाणी बर्फ वितळवून केलेलं. इथे भूक मरते. दाल-चावल समोर आलं की मुलं चमचा फिरवत बसतात. सोबत नेलेली सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आणि मेतकूट या एका रात्रीसाठी नेले होते असं म्हणायला हरकत नाही. गरम भातावर ते पडल्यावर पाचही डबे रिकामे झाले, आणि शेजारच्या तंबूतल्या गुजराती काकांचाही. ऊन मावळलं की थंडी एकदम उतरते. ओले बूट तंबूबाहेर ठेवले तर पहाटे लाकडासारखे होतात, म्हणून नाड्या पूर्ण सैल करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पायाशी आत घ्यायचे. टॉर्चचे सेल आणि फोन स्लीपिंग बॅगमध्ये. ओलसर मोजे पोटावर ठेवून झोपलं की सकाळपर्यंत वाळतात. ऐकायला किळसवाणं आहे, पण काम होतं.

पहाटे दोनला शिट्टी. चहा, दलिया, साडेतीनला रांग. इतक्या लवकर का, हे मुलांनी तीनदा विचारलं. रात्री गोठलेला बर्फ पाऊल धरतो. नऊ-दहानंतर ऊन लागून तो भुसभुशीत होतो आणि गुडघ्यापर्यंत पाय आत जातो. शिवाय दुपारचं आभाळ. बुटाला साखळीचे काटे लावले, ते संस्थेने दिले होते. अंधारात बोटं आखडलेली असताना रबर ओढून बसवणं जमत नाही, म्हणून आदल्या दुपारीच प्रत्येकाला तीनदा लावायला-काढायला लावलं होतं. गाइड पुढे कुऱ्हाडीने पावलं खोदत जातो. त्याच्याच पावलात पाऊल. स्वतःची नवी वाट काढायची नाही, फोटोसाठी रांगेबाहेर जायचं नाही. पाणी दर अर्ध्या तासाला दोन घोट, तहान नसली तरी. बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, तोंड खाली असलं तर झाकण अडकत नाही.

सव्वाआठला पासवर. सर म्हणजे तळं. तिथलं गोठलेलं तळं बर्फाखाली असतं, म्हणून वाट कडेकडेने जाते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. एका मुलाने फोटोसाठी गॉगल काढला आणि तासभर डोक्यावरच ठेवला. ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं, पाणी थांबेना. ओला गार रुमाल, डोळे मिटून अंधार, चोळायचं नाही. दुसऱ्या दुपारपर्यंत बरं झालं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, ऊन खालूनही येतं.

पासनंतरची घसरगुंडी हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग, आणि सगळ्यात जास्त दुखापती होण्याची जागाही हीच. काटे आधी काढायचे. घसरताना काटा बर्फात अडकला की शरीर पुढे जातं, गुडघा मागे राहतो. काठी हातात नाही, फोन आतल्या चेनच्या खिशात, पोंचो कमरेभोवती घट्ट, टाचा वर. पुढचा माणूस उठून बाजूला झाल्याशिवाय मागच्याने सुटायचं नाही. आमच्या तुकडीत दुसऱ्या गावच्या एकाने घाई केली आणि समोरच्याच्या पाठीत बूट बसला. मुका मार, पण तो पुढचा दीड दिवस वाकून चालला. खाली पोचल्यावर पहिलं काम ओली पँट बदलणं. गंमत संपली की दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

बिस्केरी थाचला (११,००० फूट) मुक्काम, ३०ला पुलगा गावावरून बर्शैणीच्या रस्त्यावर. दिवसभर उतार. नखांचं इथेच झालं. बर्शैणीहून जीपने मणिकरण, गुरुद्वाऱ्यात लंगर. गरम कुंडात पाय बुडवायची मुलांना फार घाई. फोड फुटलेले असतील तर नको, आणि कुठल्या कुंडात माणसं उतरलीत ते बघून मगच. ज्या कुंडात तांदळाच्या पुरचुंड्या शिजत असतात तिथे बोट बुडवून पाहणाराही आमच्यात निघाला.

कसोलला तो मुलगा कॅम्पच्या दारातच उभा होता. पहिली पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग कोणीतरी घसरगुंडीचा व्हिडिओ काढला आणि सगळे त्याच्याभोवती जमले.

खर्च माणशी: फी ११,८००, रेल्वे जाऊन-येऊन ३,९००, बस २,८००, बूट ३,२००, डॉक्टर ३००, पोंचो-टॉर्च-गॉगल १,६००, वाटेतलं खाणं आणि किरकोळ १,२००. एकूण २४,८००. स्लीपिंग बॅग आणि तंबू फीमध्ये होते. वेगळा विमा काढणार असाल तर ट्रेकिंग आणि किती उंचीपर्यंत, हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेलं पाहा; अनेक पॉलिसींतून नेमकं तेच वगळलेलं असतं.

२ जूनला पोचलो तर पाऊस सुरू. मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता. पावसात बूट वाळत नाहीत, तेव्हा आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दर चार तासांनी बदलायचे, हीटरसमोर ठेवायचे नाहीत, गोंद सुटतो. नख काळं झालं असेल तर ओढू नका, खालून नवं आलं की आपोआप गळतं. अकरावीचा अर्ज भरायला हातात एक दिवस उरला होता. घरच्यांनी भाग एक भरून ठेवलेला होता, आणि पसंतीक्रमाचा कागद सॅकच्या काळ्या पिशवीत कोरडा निघाला.